आई-बाबा अमेरिकेत येताना आणि दोन नोकऱ्यांच्या मध्ये: थोड्या दिवसांचा आरोग्य विमा कसा घ्यावा

भारतातला मेडिक्लेम सहसा भारतापुरताच असतो. अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या काउंटरवर ते कार्ड पुढे केलं तर तिथली मुलगी ते नम्रपणे परत करते आणि तुमच्या नावापुढे ‘सेल्फ पे’ लिहिते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत थोड्या दिवसांचा विमा घ्यायची वेळ साधारण दोनदा येते. एक, आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा. दुसरी, स्वतःची नोकरी जाते आणि कंपनीचा विमा महिनाअखेरीला संपतो तेव्हा. दोन्ही वेळी लोक आधी प्रीमियम बघतात, मग पॉलिसीवरची मोठी रक्कम बघतात आणि पैसे भरून मोकळे होतात. क्लेम मात्र अडकतो तो एखाद्या तारखेवर, नाहीतर एखाद्या शब्दाच्या व्याख्येवर. म्हणून या लेखात तारखा आणि व्याख्या यांवरच जास्त वेळ घालवला आहे.

फिक्स्ड की कॉम्प्रिहेन्सिव्ह

पाहुण्यांसाठीच्या विम्याचे दोन प्रकार आहेत आणि जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींवर ‘५०,००० डॉलर’ किंवा ‘१,००,००० डॉलर’ असंच लिहिलेलं असतं.

फिक्स्ड बेनिफिट प्लॅनमध्ये प्रत्येक गोष्टीचा दर आधीच ठरलेला असतो. डॉक्टरांच्या एका भेटीला इतके, खोलीच्या एका दिवसाला इतके, सर्जनला इतके. बिल कितीही येवो, कंपनी त्या तक्त्यातलाच आकडा देते. कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅनमध्ये आधी डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, तुम्ही भरता, त्यापुढच्या ठरावीक रकमेचा काही टक्के भाग भरता आणि मग पॉलिसीच्या कमाल रकमेपर्यंत सगळं कंपनी भरते.

उदाहरण घेऊ. समजा, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, तीन दिवस रुग्णालयात राहावं लागलं आणि बिल ४०,००० डॉलर आलं. फिक्स्ड प्लॅनचा तक्ता असा धरू: खोलीचे दिवसाला १,५००, सर्जनचे ३,०००, भूलतज्ज्ञाचे ७५०, ईआरचे (तातडीच्या विभागाचे) ३५०, सीटी स्कॅनचे ५००. तीन दिवसांचे ४,५०० धरून बेरीज होते ९,१०० डॉलर. उरलेले ३०,९०० डॉलर तुमचे. पॉलिसीवर ५०,००० लिहिलेले होते, पण तिथपर्यंत पोचायची वाट त्या तक्त्यात कुठेच नव्हती.

तेच बिल कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅनवर बघा. डिडक्टिबल २५० डॉलर, पुढच्या ५,००० वर २० टक्के तुमचे म्हणजे १,०००, त्यानंतर पूर्ण कंपनीचे. तुमच्या खिशातून गेले १,२५० डॉलर. शिवाय रुग्णालय नेटवर्कमधलं, म्हणजे विम्याशी दराचा करार केलेलं, असेल तर बिलच मुळात नेटवर्कच्या सवलतीच्या दराने लागतं. ज्या फिक्स्ड प्लॅनना नेटवर्क नसतं, त्यांत ही सवलतही मिळत नाही आणि रुग्णालय छापील दराने बिल लावतं. फिक्स्ड प्लॅनचा प्रीमियम कॉम्प्रिहेन्सिव्हपेक्षा बराच कमी असतो. तो फरक कशासाठी आहे हे आता दिसलं असेल. परवडत असेल तर कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्यावा. एखादा फिक्स्ड प्लॅन घ्यायची वेळ आलीच, तर वरची कमाल रक्कम सोडा आणि खोली, आयसीयू, सर्जन या तीन ओळींचे आकडे आधी वाचा.

कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतानाही वयाची ओळ बघावीच लागते. ७० च्या पुढे बहुतेक प्लॅन कमाल रक्कम खाली आणतात आणि ८० च्या पुढे ती इतकी खाली येते की एका साध्या अँजिओप्लास्टीलाही पुरणार नाही. बाबा ६९ पूर्ण करून येत असतील आणि मुक्कामातच सत्तरी ओलांडणार असतील, तर त्या दिवसानंतर काय बदलतं हे कंपनीला ई-मेलवर विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

जुन्या आजाराची व्याख्या

पाहुण्यांचा विमा संगणकावर पाच मिनिटांत मिळतो. अर्जात बीपी, शुगर, स्टेंट यांबद्दल सहसा एकही प्रश्न नसतो आणि त्यामुळे लोकांना वाटतं की सगळं चालतं. खरं म्हणजे चौकशी पुढे ढकललेली असते. क्लेम गेला की कंपनी भारतातल्या डॉक्टरांचे कागद मागते आणि हा आजार आधीपासून होता का, हे तेव्हा तपासते.

जुना आजार म्हणजे फक्त निदान झालेला आजार, असं समजू नका. बहुतेक पॉलिसींच्या व्याख्येत अशी लक्षणंही येतात, ज्यांसाठी शहाण्या माणसाने डॉक्टरकडे जायला हवं होतं. निघण्याच्या आदल्या महिन्यात आईने ‘जिना चढताना दम लागतो’ म्हणून दाखवलं असेल आणि ते केसपेपरवर असेल, तर इथे आल्यावर निघालेला हृदयाचा त्रास जुना ठरू शकतो.

या भिंतीत एक दार ठेवलेलं असतं: ‘अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन’. जुन्या आजाराचा अचानक, कोणतीही पूर्वसूचना न देता उसळलेला झटका. व्याख्या कंपनीगणिक थोडी बदलते, पण चार अटी जवळजवळ सगळीकडे असतात. झटका अचानक आणि अनपेक्षित हवा. तातडीचे उपचार लागणारा हवा. उपचार त्या क्षणापासून २४ तासांत मिळालेले हवेत. आणि तो हळूहळू वाढत गेलेला आजार नसावा. यावर वयाची मर्यादा असते आणि हृदयविकार किंवा पक्षाघातासाठी अनेकदा वेगळी, कमी रक्कम असते.

यातली २४ तासांची अट सगळ्यात जास्त क्लेम बुडवते, आणि तिथे आपला स्वभाव आड येतो. बाबांच्या छातीत सोमवारी संध्याकाळी जडपणा येतो. ‘अॅसिडिटी असेल, उगाच खर्च नको’ म्हणून ओव्याचं पाणी घेऊन झोपतात. मंगळवारीही तेच. बुधवारी रात्री घाम फुटतो तेव्हा ईआर गाठतात. तिथली नर्स पहिलाच प्रश्न विचारते, ‘कधीपासून त्रास आहे?’ बाबा खरं तेच सांगतात, ‘सोमवारपासून.’ ते वाक्य नोंदीत जातं आणि क्लेम तपासणारा माणूस आधी तेच वाक्य शोधतो. यावर खोटं बोलणं हा उपाय नाही. डॉक्टरला चुकीची वेळ सांगितली तर उपचारच चुकू शकतात. उपाय एकच: छातीत जडपणा, एका बाजूचं बळ जाणं, बोलताना जीभ अडखळणं यांपैकी काहीही झालं तर त्याच तासाला निघायचं, आणि हे आई-बाबांना विमानात बसण्याआधी पटवून ठेवायचं. ‘विमा आहे, पण उशीर केला तर नाही’ हे वाक्य त्यांना बरोबर कळतं.

दाराच्या आत गेल्यावरही ध्यानात ठेवायचं, की कंपनी झटका आटोक्यात येईपर्यंतच पैसे देते. नंतरच्या तपासण्या, औषधं, पुन्हा दाखवायला जाणं हे बहुतेक वेळा बाहेर असतं. कॅन्सर सहसा या तरतुदीत बसत नाही. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलेलं असताना आलेल्यांना आणि उपचारांसाठीच आलेल्यांना काहीच मिळत नाही. नेहमीचं चेकअप, दात, चष्मा, लस यांचीही आशा ठेवू नका.

काही थोडे प्लॅन जुन्या आजाराला ‘अचानक’ची अट न घालता ठरावीक रकमेपर्यंत संरक्षण देतात. त्यांचा प्रीमियम जास्त असतो आणि किमान मुदतीची अट असू शकते. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे किंवा जे इन्सुलिनवर आहेत, त्यांच्यासाठी हे प्लॅन तपासायला हवेत.

किती दिवसांचा घ्यावा आणि कुठून

विमा निघण्याच्या तारखेपासून घ्यावा आणि मुक्काम जितका, त्यापेक्षा दोन आठवडे जास्तीचा घ्यावा. नातवंडाचा वाढदिवस, रद्द झालेलं विमान, अशा कारणांनी मुक्काम लांबतोच.

दोन-दोन महिन्यांचे तुकडे घेऊन पैसे वाचवू पाहणारे बरेच असतात. त्यात धोका आहे. पहिल्या पॉलिसीत सुरू झालेला आजार नव्या पॉलिसीसाठी जुना आजार होतो. चालू पॉलिसीच मुदत संपण्याआधी वाढवली तर बहुतेक प्लॅनमध्ये हा खंड पडत नाही. मुदत संपली आणि एक दिवस मध्ये गेला, की सगळं पहिल्यापासून. उलट, पूर्ण मुदतीचा विमा घेऊन आई-बाबा लवकर परतले, तर एकही क्लेम केलेला नसल्यास उरलेल्या दिवसांचे पैसे थोडं शुल्क कापून परत देणारे प्लॅन पुष्कळ आहेत. घेताना ही अट बघून ठेवा.

इथे पोचल्यावर विमा घेता येतो का? बऱ्याच कंपन्यांकडे येतो, पण घेण्याआधी दिसलेलं कोणतंही लक्षण त्यात येत नाही. ताप आल्यावर विमा घेणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

भारतातून घेतलेली प्रवास विमा पॉलिसी रुपयांत मिळते आणि तिच्यात हरवलेलं सामान, पासपोर्ट अशा गोष्टीही येतात. त्रुटी दोन. साठीच्या पुढच्यांसाठी अनेक भारतीय पॉलिसींत खोली, आयसीयू, सर्जन यांना वेगवेगळ्या मर्यादा असतात, म्हणजे नाव वेगळं असलं तरी वागणूक फिक्स्ड प्लॅनची. दुसरं, इथल्या रुग्णालयाला ते कार्ड ओळखीचं नसतं, त्यामुळे पैसे आधी भरून मग मागावे लागण्याची शक्यता जास्त. अमेरिकेतल्या नेटवर्कशी जोडलेला प्लॅन इथूनच, मुलाने किंवा मुलीने घेतलेला सहसा सोयीचा पडतो.

बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर येणाऱ्यांना विम्याची सक्ती नाही. जे-१ या शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर येणाऱ्यांना आहे: प्रत्येक आजार किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी नेण्यासाठी ५०,०००, पार्थिव नेण्यासाठी २५,००० आणि डिडक्टिबल जास्तीत जास्त ५००. आणि आई-बाबा ग्रीन कार्डवर येत असतील, तर पाहुण्यांच्या विम्यावर थांबू नका. त्यांना मार्केटप्लेसमधला (सरकारी विमा-बाजारातला) पूर्ण विमा घेता येतो, जो जुना आजार नाकारू शकत नाही. इथे राहायला आल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा. तो लागू होईपर्यंतच्या थोड्या आठवड्यांपुरता पाहुण्यांचा विमा ठेवला तर ठीक.

बॅगेत काय हवं

पूर्ण मुक्कामाची औषधं आणायची इच्छा असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सर्वसाधारण संकेत स्वतःच्या वापरापुरत्या सुमारे तीन महिन्यांच्या साठ्याचा आहे. औषधं मूळ पट्ट्यांत ठेवा, सुट्ट्या गोळ्या डब्यात भरू नका. सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र हवं आणि त्यात ब्रँडची नव्हे, औषधाची मूळ नावं हवीत. भारतातलं ब्रँडचं नाव इथल्या फार्मासिस्टला काहीच सांगत नाही, टेल्मिसार्टन किंवा अॅम्लोडिपिन म्हटलं की लगेच कळतं. पॅरासिटामॉलला मात्र इथे अॅसिटामिनोफेन म्हणतात. आई-बाबांना हे माहीत नसतं आणि एकच औषध दोन नावांनी पोटात जातं.

शेवटचा ईसीजी, शुगरचे ताजे रिपोर्ट आणि स्टेंट असेल तर त्याचं कार्ड फोनमध्ये फोटो काढून ठेवा. विम्याचं कार्ड मात्र छापूनच आईच्या पर्समध्ये ठेवा. तुम्ही ऑफिसात असताना फोन लागला नाही तर शेजारणीला ते सापडलं पाहिजे.

आजारी पडल्यावर

साधा ताप, घसा, मुरगळलेला पाय, लघवीचा जंतुसंसर्ग यांसाठी अर्जंट केअरला, म्हणजे किरकोळ तातडीच्या दवाखान्यात, जा. ईआर तिथल्यापेक्षा कितीतरी पट महाग पडतं, आणि अनेक प्लॅनमध्ये ईआरला गेलात पण भरती झाला नाहीत तर वेगळं डिडक्टिबल लागतं. छातीत दुखणं, पक्षाघाताची लक्षणं, श्वास अडणं, डोक्याला मार लागणं यांत मात्र विम्याचा विचार न करता ९११ लावा. १९८६ च्या एमटाला कायद्याने, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाच्या ईआरला रुग्ण तपासून त्याची अवस्था स्थिर करावीच लागते, पैसे असोत वा नसोत.

काउंटरवर एक घोटाळा हमखास होतो. पाहुण्यांच्या विम्याच्या कार्डावर एखाद्या मोठ्या विमा कंपनीच्या नेटवर्कचं चिन्ह असतं. काउंटरवरचा माणूस ते चिन्ह बघतो, संगणकात त्या मोठ्या कंपनीचा सदस्य शोधतो, नाव सापडत नाही आणि तो म्हणतो, ‘विमा चालू नाही.’ किंवा बिल त्या मोठ्या कंपनीकडे पाठवतो आणि ते तिथून नाकारलं जातं. म्हणून कार्ड देतानाच सांगा: हा पाहुण्यांचा विमा आहे, चिन्ह फक्त नेटवर्कचं आहे, बिल कार्डाच्या मागच्या पत्त्यावर आणि पेयर आयडीवर (बिल भरणाऱ्या कंपनीच्या क्रमांकावर) पाठवा. मागच्या बाजूला बोट ठेवून दाखवा.

भरती करायची असेल, तर कार्डावरच्या नंबरवर प्री-सर्टिफिकेशनसाठी, म्हणजे कंपनीच्या पूर्वमंजुरीसाठी, फोन करा. तातडीच्या वेळी तो नंतरही करता येतो, पण बहुतेक पॉलिसी त्याला ४८ तासांच्या आसपास मुदत देतात. तो राहिला तर काही प्लॅन देय रक्कम मोठ्या प्रमाणात कापतात. फोन केल्याची तारीख, वेळ आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवा.

घरी आल्यावर टपाल सुरू होतं. एकाच रात्रीची चार-पाच बिलं येतात: रुग्णालयाचं, ईआरच्या डॉक्टरचं, क्ष-किरण वाचणाऱ्याचं, लॅबचं, अँब्युलन्सचं. रुग्णालय नेटवर्कमध्ये असलं तरी ईआरचा डॉक्टर नसू शकतो. कंपनीच्या किंवा मार्केटप्लेसच्या विम्याला २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस’ कायद्याचं संरक्षण आहे. पाहुण्यांच्या आणि अल्प मुदतीच्या विम्याला ते नाही, म्हणून अशा बिलावर तुम्हालाच बोलणी करावी लागतात.

क्लेमसाठी नुसतं ‘स्टेटमेंट’ चालत नाही. तपशीलवार बिल मागा, रुग्णालयाकडून यूबी-०४ आणि डॉक्टरकडून सीएमएस-१५०० या नमुन्यातलं. त्यांत निदानाचे आणि उपचारांचे कोड असतात. सोबत सही केलेला क्लेम फॉर्म, पासपोर्टचं पहिलं पान, आल्याच्या तारखेचा पुरावा म्हणून आय-९४ (प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची सरकारी नोंद). फॉर्मची मुदत पॉलिसीत असते, ती बिलांची वाट बघत थांबत नाही. पहिलं बिल आलं की फॉर्म पाठवा, पुढची बिलं त्याच क्लेमला जोडता येतात. कंपनीचा हिशेब, म्हणजे ईओबी, हातात येईपर्यंत बिल भरू नका. मात्र रुग्णालयाला फोन करून क्लेम चालू असल्याचं सांगा, म्हणजे प्रकरण वसुलीवाल्यांकडे जात नाही.

विमा कमी पडला तरी एक वाट उरते. ना-नफा तत्त्वावरच्या रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचं लेखी धोरण ठेवावंच लागतं आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस त्यासाठी अर्ज करता येतो. पाहुण्यांना ते मिळतं की नाही, हे त्या-त्या रुग्णालयाच्या धोरणावर आहे. विचारायला काही लागत नाही.

नोकरी गेली तेव्हा: चार घड्याळं

ले-ऑफ झाल्यावर ‘आपल्याकडे ६० दिवस आहेत’ हे वाक्य घराघरात ऐकू येतं. गोंधळ असा, की साठ-साठ दिवसांची घड्याळं तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या दिवशी सुरू होतात. चौथं तीस दिवसांचं असतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

समजा, नोकरीचा शेवटचा दिवस १० मार्च. कंपनीचा विमा ३१ मार्चपर्यंत. कोब्राची, म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवू देणाऱ्या कायद्याची, नोटीस २० एप्रिलची.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा ६० दिवसांचा ग्रेस पिरियड (नोकरी गेल्यावर देशात राहायची सवलत) नोकरी संपल्यापासून मोजतात, म्हणजे ९ मेपर्यंत, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. मार्केटप्लेसची खिडकी, म्हणजे तिथे विमा निवडायची मुदत, विमा संपल्यापासून, म्हणजे ३० मेपर्यंत. कोब्रा निवडायचे ६० दिवस विमा संपल्याची तारीख आणि नोटिशीची तारीख यांतल्या नंतरच्या तारखेपासून, म्हणजे १९ जूनपर्यंत. आणि जोडीदाराच्या कंपनीच्या विम्यात शिरायचं असेल तर विमा संपल्यापासून ३० दिवस, म्हणजे ३० एप्रिल.

जोडीदार नोकरीत असेल तर हे तीस दिवसांचं घड्याळ आधी बघा. बाकी सगळ्या पर्यायांपेक्षा हा बहुतेक वेळा स्वस्त पडतो. चुकला तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं.

कोब्रा

२० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला हा कायदा लागू होतो. नोकरी गेल्यास १८ महिने तोच विमा, तेच डॉक्टर, भरून झालेलं तेच डिडक्टिबल. किंमत: पूर्ण प्रीमियम, कंपनीचा वाटा धरून, अधिक २ टक्के. पगारातून फक्त आपला वाटा कापलेला पाहायची सवय असल्याने पहिला आकडा बघून धक्का बसतो. कंपनी छोटी असेल तर राज्याचा कायदा बघा, कॅलिफोर्नियात २ ते १९ कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांसाठी कॅल-कोब्रा आहे. कंपनीच बंद पडली आणि तिचा विमाच उरला नाही, तर कोब्राही उरत नाही.

कोब्राची खरी ताकद मागच्या तारखेपासून लागू होण्यात आहे. वरच्या उदाहरणात १९ जूनला निवडला तरी तो १ एप्रिलपासूनच धरला जातो आणि पहिला हप्ता भरायला निवडल्यापासून ४५ दिवस, म्हणजे ३ ऑगस्टपर्यंत वेळ असतो. त्यामुळे धडधाकट माणसं थांबतात: काही झालं तर निवडायचा, नाही झालं तर सोडायचा. हे कायदेशीर आहे, पण दोन गोष्टी आधी समजून घ्या. निवडलात तर १ एप्रिलपासूनचे सगळे हप्ते भरावे लागतात, फक्त आजारी पडलेल्या महिन्याचा नाही. आणि मधल्या काळात फार्मसी व डॉक्टर तुम्हाला विमा नसलेला धरूनच पैसे घेतात, ते नंतर मागून घ्यावे लागतात.

तिसरी गोष्ट या सगळ्यात घातक. कोब्राची वाट बघत जूनपर्यंत थांबलात तर मार्केटप्लेसची खिडकी ३० मेलाच बंद झालेली असते. आणि एकदा कोब्रा घेतल्यावर, महाग वाटतो म्हणून मध्येच स्वतः सोडलात, तर त्यामुळे मार्केटप्लेसची खास खिडकी पुन्हा उघडत नाही. मे महिन्याच्या अखेरीआधी एका बाजूला ठाम व्हावं लागतं.

नोटीस टपालाने, कंपनीच्या नोंदीतल्या शेवटच्या पत्त्यावर जाते. घर बदललेलं असेल आणि पत्ता बदलला नसेल, तर पाकीट मिळालं नाही ही सबब चालत नाही. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करण्याआधी एचआरच्या पोर्टलवर पत्ता आणि खासगी ई-मेल तपासा. त्याच वेळी विमा शेवटच्या दिवशी संपतो की महिनाअखेरीला, हे लेखी विचारा. आणि हेल्थ एफएसए (पगारातून कापून उपचारांसाठी ठेवलेलं करमुक्त खातं) असेल तर ते नोकरीत असतानाच वापरा: वर्षासाठी ठरवलेली पूर्ण रक्कम, पगारातून तेवढी कापली गेली नसली तरी, त्या दिवसापर्यंतच्या खर्चाला मिळते. एचएसएचे (आरोग्य बचत खात्याचे) पैसे तुमचेच राहतात आणि त्यातून कोब्राचा हप्ता भरता येतो.

मार्केटप्लेस आणि शॉर्ट-टर्म

एच-१बी, एच-४, एल-१ वर असलेलेही मार्केटप्लेसमधून विमा घेऊ शकतात. आय-९४, आय-७९७ (व्हिसा-अर्ज मंजुरीची नोटीस) आणि पासपोर्ट अपलोड करावे लागतात. निवडल्यानंतरच्या महिन्याच्या १ तारखेला तो सुरू होतो, म्हणून विमा ३१ मार्चला संपणार असेल तर मार्चमध्येच निवडा, एकही दिवस विम्याशिवाय जात नाही. मार्केटप्लेसचा प्रीमियम कमी करणारी करसवलत वर्षाच्या एकूण उत्पन्नावर ठरते, त्यात सेव्हरन्स (नोकरी जाताना मिळालेली रक्कम) आणि बेकारी भत्ता दोन्ही धरावे लागतात. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्यानुसार २०२७ पासून एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना ही करसवलत मिळणार नाही, विमा मात्र पूर्ण किमतीला घेता येईल.

‘शॉर्ट-टर्म’ नावाचा विमा या दोन्हींपेक्षा स्वस्त दिसतो. तो जुना आजार वगळतो, अर्ज नाकारू शकतो, बाळंतपण आणि मानसिक आरोग्य सहसा बाहेर ठेवतो. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या पॉलिसींना तीन महिने आणि वाढवून जास्तीत जास्त चार महिने अशी मर्यादा घातली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने त्या नियमाच्या अंमलबजावणीला प्राधान्य देणार नसल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स आणि इलिनॉय इथे तो मिळतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तो संपल्यावर मार्केटप्लेसची खास खिडकी उघडत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो पुरेसा विमाच नव्हता. घरातले सगळे तरुण, कुणाला काही औषध नाही आणि नवी नोकरी हातात असून दोन महिन्यांनी सुरू होणार, एवढ्याच परिस्थितीत त्याचा विचार करावा. घरात कोणी गरोदर असेल तर अजिबात नाही.

नवी नोकरी मिळाली की ऑफर लेटरमध्ये विमा कोणत्या तारखेपासून, हे बघा. कंपनी नव्या माणसाला जास्तीत जास्त ९० दिवस थांबवू शकते. नवं कार्ड लागू होण्याच्या तारखेआधी जुना विमा बंद करू नका. ती तारीख आली, की मार्केटप्लेसला स्वतः कळवून विमा बंद करा. तो आपोआप बंद होत नाही, आणि करसवलत चालू राहिली तर २०२६ पासूनच्या नियमाने जास्तीची दिलेली सगळी रक्कम पुढच्या टॅक्स रिटर्नमध्ये परत करावी लागते.